गाळप हंगामातला तारा

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात खगोलशास्त्राच्या कपाटाला एकोणीस पुस्तकं आहेत. त्यांतली सतरा राशिभविष्याची. माझ्या आधीच्या ग्रंथपालांनी ती तिथे लावली आणि मी ती हलवली नाहीत, कारण त्या कपाटातली तेवढीच वाचली जातात. उरलेली दोन अठरा वर्षांपासून प्रा. जालिंदर ससाणे यांच्या नावावर आहेत. दर जूनला ते येऊन रजिस्टरात सही करतात, पुस्तकं आणत नाहीत. मीही मागत नाही. मागून देणार कोणाला?

ससाणे सर पदार्थविज्ञान शिकवतात. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती आणि त्यांना एकच गोष्ट हवी होती. प्रोफेसर व्हायचं होतं. आता कॉलेजात शिकवतो तो प्रोफेसरच, असं आमच्या गावाला वाटतं. श्रीगोंदा तालुक्यात एसटीचा कंडक्टरही त्यांना 'या प्रोफेसर' म्हणूनच जागा देतो. पण कागदावर ते सहयोगी प्राध्यापक. प्रोफेसर व्हायला मुलाखत लागते, आणि आमच्याकडे मागची मुलाखत नऊ वर्षांपूर्वी झाली. म्हणजे सरांच्या वाट्याला यंदाची ही एकच होती.

फॉर्मवर दोन आकडे महत्त्वाचे. शोधनिबंध किती, तर किमान दहा. आणि त्या निबंधांचे इतर संशोधकांनी आपापल्या निबंधांत केलेले उल्लेख किती, तर जितके जास्त तितकं बरं. सरांचे निबंध बरोबर दहा होते. उल्लेख त्यांच्या अंदाजाने सात.

"सात धरा खामकर," ते म्हणाले. "त्यातले दोन माझ्याच मित्राचे आहेत, पण मित्र वजा करा असं कुठं लिहिलेलं नाही."

उल्लेख मोजायचे आणि 'खातरजमा केली' म्हणून सही करायची, हे काम ग्रंथपालाचं. मी संगणकावर सरांचं नाव टाकलं. आकडा आला चारशे बारा.

आधी वाटलं, दुसरे कोणी ससाणे असतील. पत्ता पाहिला. तालुका श्रीगोंदा, जिल्हा अहमदनगर. फॉर्मवर आता अहिल्यानगर छापलेलं असतं. दोन्ही जिल्ह्यांतले ससाणे एकच आहेत असं हमीपत्र नंतर वेगळं जोडावं लागलं. पण माणूस तोच होता. चारशे बारा उल्लेख, आणि जवळजवळ सगळे एकाच निबंधाचे.

मी कागद घेऊन रोहिणी मॅडमकडे गेलो. त्या आमच्या प्रभारी प्राचार्या, सहा वर्षांपासून प्रभारीच. रोज सावेडीहून साठ किलोमीटर येतात आणि साठ किलोमीटर जातात, त्यामुळे मधल्या वेळात त्यांना कशाचंच आश्चर्य वाटत नाही. या आकड्याचं वाटलं.

"खामकर, दशांश चिन्ह राहिलंय का? चार पूर्णांक बारा असेल."

"मॅडम, उल्लेख अपूर्णांकात नसतात."

"अख्ख्या कॉलेजचे मिळून किती आहेत?"

"सरांचे धरून चारशे एकतीस."

त्यांनी कागद उलटा करून पाहिला. मागे काही नव्हतं. "मग एच-इंडेक्स दोनच कसा?"

एच-इंडेक्सचं गणित सोपं आहे. निदान दोन उल्लेख असलेले निबंध दोन असतील तर तो दोन. सरांच्या एका निबंधाचा उल्लेख जग करत होतं, दुसऱ्याचा मित्र. मॅडमना हे मी समजावलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे टायपिंगची चूक असेल," आणि फ्लेक्सवाल्याला फोन लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवर फ्लेक्स होता: 'चारशे बारा उल्लेखांचे मानकरी'. सरांच्या डोक्यामागे कडं असलेला शनी होता. फ्लेक्सवाला शिंगणापूरच्या दुकानांचं काम करतो, त्याच्याकडे आकाशातलं तेवढंच चित्र होतं.

मला एक वाईट सवय आहे. मी पुस्तकं मोजण्याआधी उघडून बघतो. सही करण्यापूर्वी मी उल्लेखही उघडले.

पहिला असा होता: 'अशी फसगत कशी होते यासाठी ससाणे पाहावे.'

दुसरा: 'आमच्या निरीक्षणांत ससाणे परिणाम शिरलेला नाही याची खात्री करून घेतली आहे.'

तिसरा चिली देशातल्या एका डोंगरावरून आला होता: 'सुदैवाने येथे ससाणे परिणामास वाव नाही.'

तीस वाचले आणि थांबलो. मग सरांना बोलावलं.

सर खुर्चीत बसले, चष्मा कपाळावर चढवला, एक एक कागद डोळ्यांजवळ धरून वाचला. वाचताना एकदा हसले, आणि ते हसू चेहऱ्यावर तसंच राहून गेलं.

"माझ्या नावाचा परिणाम आहे," ते म्हणाले.

"हो सर."

"नावाचा परिणाम असणं म्हणजे मोठी गोष्ट असते, खामकर. न्यूटनच्या नावाचे नियम आहेत."

"हो सर. पण हा कसला परिणाम आहे ते इथं दिलंय." मी फिनलंडमधल्या एका मुलीचा निबंध पुढे केला. पाच वर्षांपूर्वीचा. आमच्याकडे ते नियतकालिक येत नाही. यात दोष कोणाचा हे मी त्या क्षणी बोललो नाही.

गोष्ट अशी होती. ताऱ्याचं तेज कमीजास्त होतं का हे पाहायचं, तर शेजारचा एखादा स्थिर तारा धरून त्याच्याशी तुलना करतात. सरांनी घराच्या गच्चीवरून पाच वर्षं एक तांबडा तारा मोजला. त्याला दर नोव्हेंबरात तेज चढायचं आणि मार्चअखेर उतरायचं. तो तारा आतून फुगतो आणि आकसतो, असा सरांचा निष्कर्ष. पण त्यांनी तुलनेला धरलेला दुसरा तारा होता उत्तरेला, खाली, साखर कारखान्याच्या धुराड्याच्या अंगाला. गाळप सुरू झालं की तो धुरात मंद व्हायचा, आणि त्याच्या मानाने सरांचा तारा तेजस्वी दिसायचा. शेजारच्या पोराला मार्क कमी पडले की आपलं हुशार वाटतं, त्यातलाच प्रकार. दोन्ही तारे जागच्या जागी, जसेच्या तसे होते. बदलत होता तो कारखाना.

"हिची मेल आली होती मला," सर म्हणाले. "विचारत होती, तुमच्या परिसरात नोव्हेंबर ते मार्च काही जळतं का."

"मग तुम्ही काय कळवलंत?"

"जळत काही नाही म्हणून कळवलं. फक्त साखर कारखाना चालू असतो."

ते वाक्य त्या मुलीने निबंधाच्या तळटीपेत जसंच्या तसं छापलं होतं. जगभरातले विद्यार्थी ते पाठ करतात, असं मला नंतर कळलं.

सरांनी कागदांचा गठ्ठा नीट जुळवला. मग म्हणाले, "ते चारशे बारा मोजायचे की नाही?"

मी फॉर्म पाहिला. उल्लेख बाजूने की विरुद्ध, असा रकाना नव्हता.

रोहिणी मॅडमचं म्हणणं स्वच्छ होतं. "सर, तुम्हाला शिव्या दिल्यात का कुणी? नाव घेतलंय ना? मग उल्लेख झाला. आकडा टाका." सरांना ते पटत होतं आणि पटत नव्हतं. त्यांनी मला संध्याकाळी घरी बोलावलं. ती गच्ची मी पाहावी, असं त्यांना वाटत होतं. मी पाहून काय करणार होतो कोण जाणे, पण गेलो.

जानेवारी होता, हंगाम भरात. सरांचं घर कारखान्याच्या कामगार वसाहतीला लागून आहे. त्यांचे वडील तिथल्याच बॉयलरवर होते. गच्चीवर पत्र्याच्या शेडमध्ये दुर्बीण, दुर्बिणीवर जुनं लुगडं, आणि लुगड्यावर दिवसभराची काजळी. कठड्यापलीकडे धुराडं. इतकं जवळ की मला वाटलं, तारा दिसायला आधी याला बाजूला व्हावं लागत असेल.

सरांच्या आई बनाबाई पायऱ्या चढून वर आल्या. वय अठ्ठ्याहत्तर. हातात कपड्यांचा पिळा होता, पण गच्चीवरची दोरी मोकळीच होती. त्यांच्या मागे शेजारच्या साळूबाई. त्यांची दोन एकर उसाची आणि कारखान्यात एक शेअर.

"कापडं इथं न्हाई वाळत घालता येत," बनाबाई मला म्हणाल्या. "कारखाना चालू झाला की समदी काळी व्हत्यात. खाली परड्यात घालते."

"दरवर्षी?" सरांनी विचारलं.

"दरवर्षी. तू लहान हुतास तवापासनं."

"मग आई, मला बोलली का नाहीस?"

"कापडाचं काय बोलायचं? तू वर बघत हुतास. तुझ्या दुर्बिनीवरचं लुगडं रोज सकाळी मीच झटकते."

सर दुर्बिणीला टेकले. साळूबाई मधेच म्हणाल्या, "एक साल घातली हुती की वर. सात वर्सामागं. बॉयलर फुटला न् दीड महिना धूर न्हाई. बनाबाईनं गोधड्यासुदिक धुतल्या."

"अडतीस दिवस," सर म्हणाले.

"तुमाला कसं ठावं?"

सरांनी खाली जाऊन निबंध आणला. त्यातला आलेख साळूबाईंपुढे धरला. रेघ वर चढलेली, मधेच खाली पडलेली, सपाट, पुन्हा वर. याच सपाट भागामुळे निबंध छापला गेला होता. 'ताऱ्याचे स्पंदन अडतीस दिवस थांबते, याचे कारण अज्ञात आहे,' असं खाली लिहिलेलं. गावातलं शेंबडं पोरगंही कारण सांगू शकलं असतं. सरांनाही कारखाना बंद होता हे माहीत होतं. कामगारांबरोबर त्यांनी गेटवर चहाही घेतला होता. पण वरची गोष्ट वर आणि खालची खाली, असं त्यांच्या डोक्यात होतं.

साळूबाईंनी सपाट रेघेवर बोट ठेवलं. "हितं माझ्या उसाला तुरं आलं, वजान गेलं. तोड मागाय गेले तर म्हनले, कारखाना चालू हाय, तुमची पाळी यायचीय. कारखान्याच्या अहवालात बी तसंच छापलं. सलग गाळप."

"सगळ्या गावाला माहीत होतं की," मी म्हणालो.

"ठावं हुतं समद्यांना. कागदावर कुटं हुतं?"

बनाबाईंना या सगळ्यात एकच प्रश्न पडला होता. "जालू, मंग तुला परफेसर करनार का न्हाई?"

"माहीत नाही आई."

"तू हायेस की परफेसर. कंडक्टर म्हंतो."

आता एक गोष्ट सांगायची राहिली. आमचं कॉलेज ज्या संस्थेचं, तिचे अध्यक्ष कारभारी अण्णा. आणि तो कारखाना ज्यांचा म्हणायचा, ते चेअरमनही कारभारी अण्णाच. मुलाखतीत संस्थेचा प्रतिनिधी म्हणून तेच बसणार होते. फ्लेक्स पाहून त्यांनी सरांना ऑफिसात बोलावलं. फाईल धरायला मी.

"सर, अभिमान वाटला," अण्णा म्हणाले. "तो मागं शनी का लावलाय? तुमचा तारा शनी नाही ना?"

"नाही अण्णा. शनी ग्रह आहे."

"मग ठीक. तेवढं नको. बाकी चारशे बारा म्हणजे काय थोडं झालं! काय लिहितात लोक?"

सरांनी सांगितलं. सर खोटं बोलत नाहीत. त्याहून वाईट म्हणजे ते नीट समजावून सांगतात. अण्णांनी मधेच चहा मागवला.

"म्हणजे आपल्या कारखान्याचं नाव चारशे बारा ठिकाणी गेलं?"

"नाव नाही. धूर."

"धूर म्हणजे कारखाना चालतो हे सिद्ध झालं. वाईट काय त्यात? चिमणी थंड असती तर वाईट."

"अडतीस दिवस थंड होती, अण्णा. तेही त्यात आलंय."

अण्णांनी चहाचा कप बशीत ठेवला. "कुठल्या साली?"

सरांनी साल सांगितलं. अण्णा खिडकीतून बाहेर बघायला लागले. बाहेर बघण्यासारखं धुराडंच होतं.

"सर, तुम्ही पहिल्यांदा काय लिहिलं होतं?"

"तारा अडतीस दिवस थांबला, असं."

"मग तेच बरोबर आहे. आपल्या माणसाच्या पहिल्या म्हणण्यावर माझा विश्वास आहे. ती फिनलंडची पोरगी, तिनं आपला तालुका पाहिलाय का? कारखाना बंद नव्हता. तारा बंद होता. तारे पडत नाहीत का बंद?"

"तसे नाहीत पडत."

"एखादा पडत असेल." अण्णा उठले, सरांच्या खांद्यावर हात ठेवला. "मुलाखतीत ठाम राहा. प्रोफेसर होताय तुम्ही. बॉयलरवरच्या माणसाचा पोरगा प्रोफेसर झाला, हे मला स्वतःला बघायचंय."

हे ते मनापासून बोलले. अण्णांची अडचण हीच आहे, ते सगळंच मनापासून बोलतात.

त्यानंतरचे दोन महिने सर गोंधळलेले होते. एके दिवशी येऊन म्हणाले, आपण ठाम राहायचं ठरवलंय. विज्ञानात मतभेद असतातच. दुसऱ्या दिवशी म्हणाले, ठाम कशावर राहायचं, काजळीवर? तिसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "खामकर, माणूस चुकीचा असेल आणि त्याची चूक जगाला उपयोगी पडत असेल, तर तो कोण?" मी म्हटलं, "सहयोगी प्राध्यापक." ते हसले नाहीत. मलाही नंतर वाटलं की बोलायला नको होतं.

मुलाखत मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात झाली. टेबलापलीकडे अण्णा, रोहिणी मॅडम आणि पुण्याहून आलेल्या तज्ज्ञ बाई. कोपऱ्यात चारशे बारा उल्लेखांचे गठ्ठे घेऊन मी. सर आत आले तशा तज्ज्ञ बाई उभ्या राहिल्या.

"तुम्हीच ते ससाणे? आम्ही तुमचा निबंध पहिल्या वर्षालाच शिकवतो."

"बघा," अण्णा मॅडमना म्हणाले.

"काय म्हणून शिकवता?" सरांनी विचारलं.

"काय करू नये म्हणून." बाई अगदी आदराने म्हणाल्या. "मोजमाप इतकं चोख आहे की चूक लख्ख दिसते. ढिसाळ माणसाची चूक शिकवता येत नाही. मला एवढंच विचारायचंय, आज तुमचं म्हणणं काय आहे? तारा बदलतो का?"

अण्णा सरांकडे बघत होते. मॅडम फॉर्मकडे. सरांनी वेळ काढायला म्हणून चष्मा काढला आणि खिशातल्या रुमालाने पुसला. मार्च होता, हंगाम अजून उरकला नव्हता. रुमालावर काळा ठसा उमटला. सर त्या ठशाकडे बघत राहिले. इतका वेळ, की मॅडमनी त्यांच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला.

"तारा स्थिर आहे," सर म्हणाले. "आकडे माझेच आहेत आणि ते बरोबर आहेत. मी काय मोजतोय, ते मला कळलं नव्हतं."

"आणि मधले अडतीस दिवस?"

"कारखाना बंद होता. आईने गोधड्या धुतल्या होत्या."

बाईंनी हे लिहून घेतलं, गोधड्यांसकट. अण्णांनी घड्याळ पाहिलं.

निकाल जुलैत आला. सरांनी स्वतःच निष्कर्ष चुकीचा असल्याचं मान्य केल्यामुळे तो निबंध धरता येत नव्हता. शोधनिबंध नऊ, किमान हवेत दहा. अपात्र. उल्लेखांच्या रकान्यात मात्र चारशे बारा तसेच होते, कारण ते झालेले होते आणि त्यांवर माझी सही होती. म्हणजे कागदोपत्री आता असे उल्लेख आमच्याकडे होते, ज्यांचा निबंधच नव्हता. रोहिणी मॅडमनी मला विचारलं, हे बरोबर आहे का. मी म्हटलं, नियमाप्रमाणे आहे.

सरांनी दोन पानी दुरुस्ती लिहून छापायला पाठवली. ती छापून आली. तिच्यात त्यांच्या जुन्या निबंधाचा उल्लेख होता, त्यामुळे आकडा चारशे तेरा झाला. पण स्वतःचा उल्लेख स्वतः केला तर तो वजा करतात. मी वजा केला. पुन्हा चारशे बारा. सरांनी उल्लेखांच्या रजिस्टरात सही करताना विचारलं, "म्हणजे तेवढा एकच खरा होता आणि तेवढा एकच चालत नाही?" मी रजिस्टर बंद केलं.

ऑगस्टच्या अखेरीस साळूबाई ग्रंथालयात आल्या. पायरीवर चपला काढून, दारातूनच म्हणाल्या, "ती रेघ पायजे." मी झेरॉक्स काढून दिली. नियमाने सभासद नसलेल्याला देता येत नाही. त्या कारखान्याच्या सभासद होत्या, ते मी पुरेसं धरलं.

सप्टेंबरात कारखान्याची वार्षिक सभा झाली. मांडव, फेटे, अहवालवाचन. विषय मंजूर का, मंजूर, अशी गाडी नेहमीप्रमाणे वेगात निघाली होती. बायकांच्या बाजूला साळूबाई उभ्या राहिल्या. माईक त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता, त्यांना त्याची गरजही नव्हती.

"सात सालामागच्या अहवालात सलग गाळप लिवलंय. ससाने सरांचा तारा अडतीस दिस बंद म्हंतो. ही बगा रेघ. माझा ऊस का न्हाई नेला, तेवढं सांगा."

मांडवातल्या माना तिकडे वळल्या. सर पुरुषांच्या बाजूला, शेवटून दुसऱ्या रांगेत होते. त्यांनी मान खाली घातली.

अण्णा हसत म्हणाले, "साळूबाई, तारा चुकू शकतो. सगळ्या जगानं लिहिलंय तसं."

"तारा न्हाई चुकला," साळूबाई म्हणाल्या. "सर चुकलं हुतं. त्यांनी कबूल केलं, न् त्यांची परफेसरकी गेली. आता तुमी बोला."

अण्णा काय बोलले ते सांगण्यात अर्थ नाही. ते मनापासून बोलले. पण सभेच्या इतिवृत्तात ओळ आली: 'सभासद साळूबाई यांनी ससाणे यांच्या ताऱ्याचा दाखला दिला. खुलासा पुढील सभेत.' सहीशिक्क्यानिशी आली.

दुसऱ्या दिवशी मी संगणक उघडून चारशे तेरावा उल्लेख भरायला बसलो. त्या निबंधाचा सरांच्या बाजूने झालेला, दुसऱ्या कोणीतरी केलेला, पहिलाच. पण तिथे नियतकालिकाचं नाव विचारतात, खंड आणि अंक विचारतात. कारखान्याचं नाव टाकलं तर यादीत सापडत नाही म्हणतो. तासभर खटपट केली. मग इतिवृत्ताची एक प्रत मागवून घेतली, तिला पुठ्ठा लावला, क्रमांक टाकला आणि खगोलशास्त्राच्या कपाटात ठेवली.

त्या कपाटाला आता वीस पुस्तकं आहेत. सतरा राशिभविष्याची, दोन सरांकडे. विसावं ठेवल्यापासून जागेवर नाही. गावात फिरतंय, आणि या क्षणी नेमकं कोणाकडे आहे हे मला सांगता येणार नाही.